केंद्रीय नियोजनाचं गणित नेमकं कुठे अडतं?

तलावपाळीकर
ठाण्यातल्या आमच्या वाचनगटात येत्या रविवारी समाजवादी नियोजन हा विषय घेतलाय. या विषयावर दर वेळी तीच दोन उत्तरं येतात. एक, माणसं आळशी झाली. दुसरं, कल्पना उत्तम होती, राबवणारे भ्रष्ट निघाले. दोन्हीत कारखाना कुठेच दिसत नाही. गोस्प्लानमधला, म्हणजे सोव्हिएत संघाच्या केंद्रीय नियोजन मंडळातला, माणूस टेबलावर बसून नेमकं काय करायचा, कारखान्याच्या मॅनेजरला कागद कधी मिळायचा आणि माल का मिळायचा नाही, एवढंच इथे हवंय. नेहरू बरोबर की चूक यासाठी पाच धागे आधीच वाहताहेत, तिकडे जावं.

ताळेबंद
मग 'मटेरियल बॅलन्स'पासून सुरुवात करते. सोव्हिएत नियोजनाचा कणा हाच होता. प्रत्येक महत्त्वाच्या मालाचा एक तक्ता. डाव्या बाजूला आवक: चालू उत्पादन, साठा, आयात. उजवीकडे जावक: कोणत्या खात्याला किती, निर्यात किती, वर्षअखेर साठा किती. दोन्ही बाजू जुळल्या की तक्ता बंद. गोस्प्लान स्वतः साधारण दोन हजार मालांचे तक्ते करायचं, बाकीचे हजारो पुरवठा यंत्रणा आणि मंत्रालयं.

वर्षाचा क्रम असा: वरून ढोबळ आकडे खाली येणार, कारखाने कच्च्या मालाची मागणी वर पाठवणार, वर तक्ते जुळवणार, मग उत्पादनाचं लक्ष्य आणि मालाचा कोटा खाली येणार. पहिली गोम इथेच आहे. मागणी भरायची तारीख लक्ष्य कळण्याच्या आधीची. म्हणजे काय बनवायचं हे ठरण्यापूर्वी पोलाद किती लागेल ते लिहून द्यायचं. शहाणा मॅनेजर काय करेल? जास्तच लिहील. वरच्यालाही ते ठाऊक, म्हणून तो सरसकट कापणार. तो कापणार हे खालच्याला ठाऊक, म्हणून पुढच्या वर्षी आणखी फुगवून लिहिणार.

दुसरी गोम गणिताची. समजण्यापुरते सोपे आकडे घेते, खऱ्या कारखान्याचे नाहीत. १ टन पोलादाला १ टन कोळसा आणि ५०० युनिट वीज. १ टन कोळसा काढायला १० किलो पोलाद आणि ५० युनिट वीज. १,००० युनिट विजेला ७०० किलो कोळसा. आता वरून हुकूम आला: पोलाद १ लाख टनांनी वाढवा.

पहिली फेरी: कोळसा १ लाख टन, वीज ५ कोटी युनिट.
दुसरी फेरी: त्या ५ कोटी युनिटला कोळसा ३५,००० टन. आधीच्या १ लाख टन कोळशाला वीज ५० लाख युनिट, पोलाद १,००० टन.
तिसरी फेरी: त्या ५० लाख युनिटला कोळसा ३,५०० टन, १,००० टन पोलादाला कोळसा १,००० टन...

असं करत शेवटी कोळसा लागतो जवळपास १ लाख ४२ हजार टन. पहिल्या फेरीला थांबलात तर वाढीव गरजेच्या ३० टक्के कोळसा कागदावरच नाही. हे तीन मालांचं झालं. दोन हजार मालांचे तक्ते हाताने करताना एक आकडा बदलला की सगळे बदलायचे. तेवढा वेळ नसायचा. मग तक्ता जुळायचा कसा? 'खपाचे निकष कमी करा' असं फर्मान काढून. १ टन कोळसा लागत होता, तिथे ९५० किलोत भागवा. तेही न जमलं तर कापड, भांडी, घरबांधणी यांचा कोटा कापून. संरक्षण आणि अवजड उद्योग यांच्या कोट्याला सहसा हात लागायचा नाही.

ईएन८
ताई, तुमच्या तक्त्यातलं 'पोलाद' म्हणजे काय हो? दुकानात पोलाद नावाचा माल मिळत नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मशीनशॉपचं रोजचं उदाहरण घ्या. ड्रॉइंग ४० मिमी शाफ्टचं आहे, पोलादाची ग्रेड ईएन८. आता ४० चा बार नाही, ४५ चा आहे. वजनाचा हिशोब सगळ्यांना पाठ असतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रति मीटर. ४० चा बार ९.८८ किलो, ४५ चा १२.५ किलो. मीटरमागे २.६२ किलोचा नुसता चुरा होणार, शिवाय लेथचा वेळ आणि टूलची झीज वेगळी. इथला मालक दोन फोन करतो, ४० चा कुणाकडे पडलाय बघतो, दोन रुपये जास्त देऊन उचलतो. नाहीच मिळाला तर ४५ चा घेऊन गिऱ्हाइकाला दर वाढवून सांगतो. गिऱ्हाईक हो म्हणतं किंवा दुसरीकडे जातं. झालं.

कोट्याच्या पद्धतीत तुमच्या वाट्याला 'गोल बार, अमुक टन' आलाय आणि गाडीत ४५ चा आलाय. परत पाठवला तर कोटा बुडाला. म्हणून घ्यायचा, कापायचा, चुरा करायचा. वर आकडा काय जातो? या कारखान्याला नगामागे २७ टक्के जास्त पोलाद लागतं. पुढच्या वर्षी तोच निकष. टंचाई म्हणून जादा वापर आणि जादा वापर म्हणून टंचाई.

आणि रोलिंग मिल ४० चा बार का काढत नव्हती, तेही बघा. मिलचं लक्ष्य टनांत. जाड साइजला टन पटापट भरतात. पातळ साइजला रोल बदला, पास जास्त, टन कमी. कोण काढेल?

तलावपाळीकर
ते वजनाच्या लक्ष्यापायी एकच अवाढव्य खिळा बनवल्याची गोष्ट म्हणजे हेच ना?

ताळेबंद
तो खिळा सोव्हिएत विनोदी मासिकातलं व्यंगचित्र आहे. रविवारी पुरावा म्हणून काढू नका, कोणीतरी पकडेल. गरजही नाही, खरी उदाहरणं ढिगाने आहेत. झुंबरांचं लक्ष्य टनांत होतं म्हणून झुंबरं जड होत चालली आहेत, हे १९५९ मध्ये खुद्द सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने जाहीर भाषणात सांगितलं. खिडकीच्या काचेचं लक्ष्य टनांत ठेवलं तर काच जाड, चौरस मीटरमध्ये ठेवलं तर इतकी पातळ की हाताळताना फुटायची. तेलाच्या शोधात लक्ष्य 'किती मीटर ड्रिलिंग'. खोल गेलं की वेग मंदावतो, त्यामुळे उथळ भोकं फायद्याची, तेल लागो न लागो. बांधकामात पाया आणि सांगाडा या टप्प्यांना किंमत जास्त, फिनिशिंगला कमी. म्हणून नवीन पाये खोदले जायचे आणि अर्धवट इमारती वर्षानुवर्षं उभ्या राहायच्या.

लक्ष्य रुपयांत, म्हणजे रुबलमध्ये, ठेवलं तरी सुटका नव्हती. एकूण उत्पादन मूल्यात कच्च्या मालाची किंमतही धरलेली असायची. जितका महाग कच्चा माल वापराल तितकं लक्ष्य लवकर पूर्ण. स्वस्तात तेच काम करणारा मॅनेजर आकड्यात मागे पडणार. १९६५ च्या, पंतप्रधान कोसिगिन यांच्या सुधारणांत विक्री आणि नफा हे निकष आणले, १९७९ मध्ये निव्वळ उत्पादनाचा एक प्रमाणित निकष आणला. पण किमती सरकारीच आणि माल कोट्यानेच, मग नफ्याच्या आकड्याला अर्थ किती?

ईएन८
बोनसचं राहिलं. लक्ष्य १०० टक्के झालं की बोनस, ९९ ला शून्य. १२० केलं तर पुढच्या वर्षीचं लक्ष्य १२० वरून सुरू. त्यामुळे १०१-१०२ हा सुवर्णमध्य. क्षमता लपवणं हा मॅनेजरचा पहिला धडा. कोटा महिन्याच्या सुरुवातीला पोहोचायचा नाही, म्हणून पहिले दहा दिवस मशीन थंड आणि शेवटचे दहा दिवस ओव्हरटाइम. महिनाअखेरीचा माल घेऊ नये, हे तिथल्या गिऱ्हाइकालाही कळायचं.

सुट्या भागांचं तर विचारूच नका. ट्रॅक्टर कारखान्याचं नाव ट्रॅक्टरच्या संख्येवर. गिअर, बेअरिंग, गॅस्केट जास्तीचे काढून त्याला काय मिळणार? शेतावर नवा ट्रॅक्टर उभा, पण भाग नाही. मग चालू ट्रॅक्टर उघडून दुसऱ्याला भाग लावायचे. बाहेरून वेळेवर काही मिळणार नाही हे पक्कं, त्यामुळे प्रत्येक मोठा कारखाना स्वतःची फाउंड्री, स्वतःचे नट-बोल्ट, स्वतःचं टूलरूम बाळगायचा. स्पेशलायझेशन संपलं. बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यापेक्षा कितीतरी महाग बोल्ट. आपल्याकडे टर्निंग एका गाळ्यात, हीट ट्रीटमेंट दोन गल्ल्या सोडून, प्लेटिंग तिसरीकडे, आणि चलानावर माल टेम्पोने फिरतो. ते शक्य होतं कारण उशीर केला तर पुढचं काम जातं.

उपवन
हे सगळं हाताने हिशोब करण्याच्या काळातलं. दोन हजार मालांचा तक्ता म्हणजे ४० लाख आकडे. आज साधा लॅपटॉप ते सोडवेल. ऐरोलीतल्या डेटा सेंटरमधलं एक रॅक सगळा सोव्हिएत संघ चालवेल. मग नियोजन अपयशी ठरलं म्हणायचं की संगणक उशिरा आला म्हणायचं?

ताळेबंद
प्रश्न रास्त आहे आणि तो तिथल्याच गणित्यांनी विचारला होता. लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूड उद्योगाच्या एका प्रश्नावरून लिनिअर प्रोग्रामिंग मांडलं: मर्यादित मशीन, वेगवेगळा माल, कोणतं काम कुठल्या मशीनवर टाकायचं. उत्तरासोबत त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. प्रत्येक टंचाईच्या वस्तूला एक आकडा चिकटतो: ती एक नग जास्त मिळाली तर एकूण उत्पादन किती वाढेल. म्हणजे किंमतच. मार्क्सवादी मूल्यसिद्धान्तात ते बसेना, म्हणून वीस वर्षं हे काम अडगळीत. १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, कूपमन्स यांच्यासोबत. संगणकतज्ज्ञ ग्लुश्कोव्ह यांनी १९६० च्या दशकात देशभर संगणकांचं जाळं सुचवलं. त्याला पुरेसा पैसा मिळाला नाही आणि मंत्रालयांनी आपापली वेगळी जाळी करून ठेवली.

पण लॅपटॉपने सुटतं ते समीकरण. त्यातले ४० लाख आकडे कोण देणार? तोच मॅनेजर, ज्याचा बोनस त्या आकड्यावर आहे. आणि आकडा स्थिर नसतोच. ईएन८ काकांचा ४० चा बार ४५ होतो तेव्हा गुणांक, म्हणजे नगामागे किती माल लागतो तो आकडा, बदलतो. कोळसा महागला तर भट्टीवाला दुसरा मार्ग शोधतो. हे पर्याय त्याच्या डोक्यात असतात, टंचाई बोचल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ फॉन मिझेस यांनी १९२० मध्ये हाच आक्षेप घेतला होता: यंत्र आणि कच्चा माल यांची खरेदी-विक्रीच नसेल तर त्यांची किंमत नाही, आणि किंमत नसेल तर पूल दगडाचा बांधायचा की लोखंडाचा, हे ठरवायला हिशोबच उरत नाही.

पारसिक
एकतर्फी चाललंय म्हणून लिहितो. १९२८ मध्ये शेतकऱ्यांचा देश, १९४५ मध्ये बर्लिनपर्यंत रणगाडे, १९५७ मध्ये स्पुटनिक, १९६१ मध्ये गागारिन. हे अपयश असेल तर यश कशाला म्हणायचं? आणि बाजाराच्या राज्यात दुष्काळ पडत नाहीत का? १९४३ चा बंगाल आठवा. तिथे गोस्प्लान नव्हतं. मोठ्या खासगी कंपन्याही आतून नियोजनच करतात, टार्गेटच्या नावाखाली हेच सगळे खेळ माइंडस्पेससारख्या ऑफिस संकुलात बसूनही चालतात.

ताळेबंद
पारसिक, पहिला मुद्दा मान्य. लक्ष्य एक-दोनच असतील, किंमत कितीही चालणार असेल आणि उत्तर काय हवं ते आधी माहीत असेल, तर केंद्रीय हुकूम चालतो. रणगाडा, रॉकेट, धरण. लोक शेतातून कारखान्यात नेले आणि खाणं-कपडे कापून यंत्रांत पैसा घातला की उत्पादन वाढतं. ही वाढ माणसं आणि खाणी ओतून झालेली होती. ओतायला माणसं उरली नाहीत तसा १९७० च्या दशकात वेग घसरला. १९७३ नंतर महागलेल्या तेलाच्या निर्यातीने ते काही वर्षं झाकलं, १९८६ ला तेलाचे भाव कोसळले.

कंपनीबद्दल: कंपनीही आत चुकीची टार्गेटं लावते, खरंय. पण बाहेर तिला गिऱ्हाईक आणि बँक आहे. बँकही दर वेळी वाचवत राहिली तर काय होतं ते हंगेरीचे अर्थतज्ज्ञ कोर्नाई यांनी दाखवलंय: तोटा भरून मिळणार हे ठरलेलं असेल तर माल साठवायला कोणतीच मर्यादा उरत नाही, आणि साठवणुकीतून पुन्हा टंचाई.

दुष्काळाचा मुद्दा मात्र तुमच्या विरोधात जातो. चीन, १९५८. कम्यून, म्हणजे गावं एकत्र करून केलेल्या सामूहिक शेतीच्या वसाहती, एकमेकांशी चढाओढ करून पिकाचे आकडे फुगवत होते. देशाचं धान्य उत्पादन ३७.५ कोटी टन जाहीर झालं. नंतर दुरुस्त केलेला आकडा २० कोटी टन. १९५९ मध्ये पीक घटून १७ कोटी टन. पण सरकारी खरेदी फुगवलेल्या कागदावर ठरलेली, ती वाढून ६.७ कोटी टनांच्या वर. म्हणजे पिकाच्या जवळपास ४० टक्के. त्यातलं काही गावांना परत विकलं गेलं, तरी त्याच वर्षी ४० लाख टनांवर धान्य निर्यातही झालं. ज्या गावात धान्य नव्हतं तिथे 'लपवलंय' म्हणून झडत्या. शिवाय १९५८ मध्ये पोलाद एका वर्षात दुप्पट, १.०७ कोटी टन करायचं म्हणून ऐन कापणीत माणसं परसातल्या भट्ट्यांवर. भट्ट्यांतून निघालेलं बरंच लोखंड कामाचं नव्हतं, पीक शेतात सडलं. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. बंगालमध्ये सरकारने हलगर्जी केली. इथे सरकारने स्वतःच मागवलेल्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून धान्य उचललं. बाजारात व्यापारी खोटी आवक सांगू शकतो, पण भाव चढला की खोटेपणा तिथेच उघडा पडतो. कम्यूनमध्ये भावच नव्हता.

पारसिक
आकडे वाचले. युद्ध आणि अवकाश यांवर ठाम आहे, बाकीचं रविवारी समोरासमोर.

उपवन
आपल्याकडे हे कितपत लागू? इथे कारखाने तर खासगी होते.

ईएन८
म्हणूनच आपल्याला सोव्हिएत म्हणू नये. आपलं नियोजन 'नाही' म्हणण्याचं होतं. १९५१ च्या उद्योग कायद्याखाली परवाना, त्यात क्षमता लिहिलेली. भांडवली यंत्र आणायचं तर वेगळी समिती, आयात मालाला वेगळा परवाना, आणि त्यासाठी 'हा माल देशात मिळत नाही' असा दाखला. १९६९ नंतर २० कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या गटांना मक्तेदारी कायद्याची आणखी एक खिडकी.

यात दोन खेळ होते. एक, परवाना घ्यायचा आणि कारखाना काढायचाच नाही. कागदावर देशाची क्षमता भरली, प्रतिस्पर्ध्याला दार बंद. परवाना पद्धतीवरच्या हजारी अहवालात हे १९६० च्या दशकातच नोंदलं गेलं. दोन, आयात कच्च्या मालाचा कोटा स्थापित क्षमतेच्या प्रमाणात. मग कोटा वाढवायचा कसा? दुसरं मशीन बसवून. पहिलं अर्धा दिवस बंद असलं तरी. परकीय चलन वाचवण्यासाठी केलेल्या नियमाने निम्मी रिकामी पडणारी यंत्रं आयात करवली. यात कोणी चोर असायची गरजच नव्हती, नियम वाचता आला की पुरे.

घणसोली_नोड
ईएन८ काका, सिमेंट राहिलं की. आपल्या राज्याला त्याची खास आठवण असायला हवी. भाव सरकारी, वाटप परमिटवर, भाव परवडत नाही म्हणून नवीन कारखाना निघत नाही, निघत नाही म्हणून परमिट मौल्यवान. जानेवारी १९८२ मध्ये याच वाटपाशी जोडलेल्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि मुख्यमंत्री अंतुले यांना जावं लागलं. माणूस बदलला तरी परमिटची किंमत तीच राहिली असती.

आता सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या नवी मुंबईबद्दल, कारण रविवारी कोणी तरी 'सिडको म्हणजे समाजवादी नियोजनच' म्हणणार. १९७० ला सिडको, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, जमीन सरकारने घेतलेली. जे सिडकोच्या हातात होतं ते झालं: रस्ते, गटारं, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवणारे होल्डिंग पाँड, सेक्टर. जे दुसऱ्याने ठरवायचं होतं ते आराखड्यात लिहून झालं नाही. बेलापूरला मोठं कार्यालयीन केंद्र व्हायचं होतं, पण मंत्रालय हललं नाही आणि नरिमन पॉइंटवर त्याच काळात मजले चढत होते. वाशीला लोकल आली १९९२ मध्ये, म्हणजे २२ वर्षांनी. घाऊक बाजार मशीद बंदराकडून वाशीला आणले ते कायद्याच्या जोरावर, टप्प्याटप्प्याने. पण वाशीत बटाटा किती यावा आणि काय भावाने जावा, हे सिडकोने कधी ठरवलं नाही. फरक तिथे आहे.

उलटही सांगतो. रुमालाखाली हात धरून आंब्याचा सौदा होतो तेव्हा पेटीच्या मालकालाही भाव दिसत नाही. बाजार समित्यांची सक्ती हा वेगळा दोष, पण 'बाजार' म्हटलं की सगळं उघड असतं असं कोणी समजू नये.

जमिनीचं याहून वाईट उदाहरण ठाण्याकडे आहे: १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. मुंबईत मर्यादा ५०० चौरस मीटर. जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी घ्यायची होती. मोबदला नाममात्र, त्यामुळे मालक कोर्टात. जमीन ना सरकारकडे ना बाजारात. सूट देण्याचा अधिकार सचिवालयात. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी वर्षानुवर्षं कुंपणात. राज्याने तो रद्द केला २००७ मध्ये.

तलावपाळीकर
शेवटचा प्रश्न. यातून बाहेर पडताना एका रात्रीत भाव मोकळे करायचे की हळूहळू? दोन्हीकडे काय झालं ते कोणी लिहा.

ताळेबंद
एका रात्रीचं उदाहरण पोलंड. १ जानेवारी १९९० ला बहुतेक भाव मोकळे, त्या एका महिन्यात महागाई जवळपास ८० टक्के, पण काही आठवड्यांत दुकानांत माल आणि रांगा गायब. रशियाने २ जानेवारी १९९२ ला तेच केलं, पण मध्यवर्ती बँक कारखान्यांना पैसा ओततच राहिली, आणि वर्षाची महागाई २,००० टक्क्यांच्या पुढे. फक्त भाव मोकळे करून भागत नाही, तोटा भरून देणं थांबावं लागतं.

हळूहळूचं उदाहरण म्हणजे चीनची १९८४-८५ ची दुहेरी किंमत. जुना कोटा जुन्या भावाने सरकारला द्यायचा, त्यावर जे काढाल ते बाजारभावाने विका. कोटा गोठवलेला, उत्पादन वाढतंय, म्हणून सरकारी हिस्सा आपोआप लहान होत जातो.

घणसोली_नोड
आपल्या सिमेंटचं तेच सूत्र त्याच्या आधी, फेब्रुवारी १९८२ मध्ये. जुन्या कारखान्यांनी सुमारे दोन तृतीयांश लेव्हीला, म्हणजे सरकारी भावाने, द्यायचं, नव्यांनी निम्मं, उरलेलं खुल्या बाजारात. नव्या कारखान्याला सवलत जास्त, म्हणून नव्या भट्ट्या निघाल्या. लेव्हीचा हिस्सा कमी करत करत १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं.

ईएन८
त्या मधल्या सात वर्षांत लेव्हीची गोणी आणि खुली गोणी एकाच गोदामात असायची, आणि भावातला फरक ज्याच्या हाती पावतीपुस्तक त्याचा. चीनमध्येही दुहेरी भावातून अधिकाऱ्यांनी हाच धंदा केला, १९८९ च्या असंतोषात त्याचा वाटा होता. ताई, तक्त्यात 'जावक'च्या बाजूला हा रकाना कुठे बसवणार?

ताळेबंद
'वाहतुकीतील घट'मध्ये. सोव्हिएत तक्त्यातही तो तिथेच जायचा.